चेनसॉ कुठला घ्यावा हे ठरवण्याआधी: त्याला धार कोण लावणार?

तुमचे प्रश्न चार आहेत. झाडं छाटण्या-तोडण्याचं काम हाती घ्यायचं तर एकच मोठा चेनसॉ घ्यावा की दोन? बॅटरीवरचा चालेल का? बुडखे काढण्यासाठी स्टंप ग्राइंडर विकत घ्यावा की भाड्याने आणावा? आणि हाताशी असलेला जुना चेनसॉ लाकडात तिरका का जातो, दोन महिने पडून राहिला की सुरू का होत नाही?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात. या धंद्यात मी शिकलो ते एवढंच, की इंजिन फक्त दात फिरवतं, लाकूड दात कापतो. दात बोथट असेल तर सत्तर सीसीचं इंजिनही नुसता धूर काढतं. आणि धारदार चेन लावलेला पंचेचाळीस सीसीचा चेनसॉ शेजारच्या मोठ्या यंत्राला मागे टाकतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिरक्या कापाचं कारण बहुतेक वेळा चेनमध्ये असतं. चेनवर एक दात डावा, एक उजवा असे आलटून पालटून असतात. एका बाजूचे दात लांब आणि धारदार, दुसऱ्या बाजूचे आखूड किंवा बोथट झाले, की चेनसॉ धारदार बाजूकडे ओढला जातो आणि काप चंद्रकोरीसारखा वळतो. हे होतं दोन कारणांनी. एक, चेन दगडाला किंवा खिळ्याला घासली आणि एकाच बाजूच्या दातांचे कोपरे गेले. दोन, कानस मारणाऱ्याचा हात. उजव्या हाताच्या माणसाची एका बाजूला कानस नीट बसते, दुसऱ्या बाजूला मनगट अवघडतं. महिनाभर असंच चाललं की दोन्हीकडच्या दातांच्या लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. उपाय कंटाळवाणा आहे. सगळ्यांत आखूड दात शोधायचा, त्याची लांबी मोजायची आणि बाकी सगळे दात घासून त्याच्याएवढे करायचे. पुढच्या वेळी अवघड बाजू आधी घासायची, हात ताजा असताना.

धार नीट लावूनही काप तिरकाच जात असेल तर बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पोलादी पट्टी, बघा. चेन बारच्या ज्या दोन कडांवरून धावते त्यांतली एक जास्त झिजली की चेन एका अंगाला कलते. बसवलेली चेन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा, खाचेत ती लुटुलुटु डुलत असेल तर खाच रुंद झालेली आहे. कडा बाहेर वळून त्यांना धारदार कंगोरे आले असतील तर सपाट कानशीने ते काढता येतात. खाच रुंद झाली असेल तर मात्र बार बदलावा लागतो. बारचं आयुष्य वाढवायची युक्ती फुकटची आहे. चेन काढाल तेव्हा दर वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे खालची कड वर येते आणि झीज वाटली जाते. त्याच वेळी खाचेतला भुसा खरवडून काढा आणि तेलाचं बारीक भोक मोकळं करा. तेवढं भोक बुजलं तरी चेन कोरडी धावते आणि बार निळा पडतो.

आता धार लावणं. इथे थोडा वेळ घेतो, कारण लोक सगळ्यांत जास्त चुकतात ते इथे.

कानशीची जाडी चेनच्या पिचवर ठरते. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा. लहान चेनसॉवर बहुधा ३/८ इंचाची लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या बांध्याची चेन असते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. ०.३२५ इंचाच्या चेनला ४.८ मिलिमीटरची, आणि मोठ्या चेनसॉवरच्या पूर्ण ३/८ इंचाच्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. ०.४०४ इंचाची चेन फार मोठ्या यंत्रांवरच दिसते. ३/८ लो-प्रोफाइल आणि ३/८ पूर्ण यांचा आकडा एकच असला तरी त्या वेगळ्या चेन आहेत, एकीचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, दुसरीला चालत नाही. नवी चेन आणताना तीन गोष्टी जुळवायच्या: पिच, खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी आणि अशा कड्यांची संख्या. नुसतं ‘अठरा इंची बारची चेन द्या’ म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही.

बार घट्ट धरून ठेवता येईल अशी जागा बघा. कामावर असाल तर एखाद्या ओंडक्यात खाच पाडून बार त्यात ठोकून बसवा. चेन ब्रेक, म्हणजे चेन जागच्या जागी अडवणारा पुढचा दांडा, लावा. कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने, एकाच दिशेने ढकलायची, परत आणताना उचलायची. मागेपुढे करवतीसारखी घासली तर कानशीचे दातच मोडतात. कोन साधारण ३० अंश. बहुतेक चेनच्या दातांवर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर ठेवली की कोन आपोआप साधतो. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. ती खाली गेली तर दाताला हूक पडतो आणि तो लाकडात अडकतो, वर राहिली तर धार मागे कलते आणि दात नुसता घसरत जातो. चेन फार बोथट झालेली नसेल तर दर दाताला दोन-तीन हात पुरतात. म्हणूनच टाकी भरायला थांबाल तेव्हा दर वेळी दोन-तीन हात मारून घ्या, असं मी माझ्या पोरांना सांगतो. संध्याकाळी एकदम धार लावू म्हणणाऱ्याला प्रत्येक दातावर पंधरा हात मारावे लागतात आणि चेन लवकर संपते.

धार आहे की गेली हे ओळखायला चेनकडे बघायचीही गरज नाही, पायाशी पडलेला भुसा बघा. जाड, चौकोनी ढलपे पडत असतील तर धार आहे. पिठासारखी भुकटी पडत असेल, किंवा यंत्र दाबावं लागत असेल, तर थांबा. चेनसॉने स्वतःच्या वजनाने लाकडात उतरलं पाहिजे. दाबून कापणाऱ्या माणसाचे खांदे, क्लच आणि बार एकदमच जातात.

दाताच्या पुढे एक बुटकं नाक असतं, आमच्याकडे त्याला रेकर म्हणतात. दाताने किती जाडीचा ढलपा उचलायचा ते हे नाक ठरवतं. दात घासून घासून बुटका होतो पण रेकर तेवढाच राहतो, मग दात लाकडाला टेकतच नाही. लोक म्हणतात, ‘आत्ताच धार लावली तरी कापत नाही.’ दोन-तीनदा धार लावली की मापपट्टी ठेवून रेकर सपाट कानशीने खाली आणा आणि त्याची पुढची कड गोल करा. दाताच्या माथ्यापासून रेकर साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. मापपट्टीशिवाय, नजरेच्या अंदाजाने रेकर घासू नका. तो फार उतरला तर दात मोठमोठे घास घेतो, चेन झटके देते आणि बार मागे उसळण्याचा धोका वाढतो.

हा दात आला कुठून याची गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. पूर्वीच्या यांत्रिक करवतींचे दात लाकूड ओरबाडायचे आणि त्यांना सारखी धार लावावी लागायची. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चावत लाकडाच्या धाग्यांच्या आडवेही जात होते आणि उभेही. त्याने तेच जबडे पोलादात उतरवले. आजही चेनसॉवर असतो तो डावा-उजवा, वळवलेल्या माथ्याचा दात त्या अळीचाच वंशज आहे.

दातांचे प्रकार मुख्यतः दोन. फुल चिझलचा कोपरा चौकोनी असतो. स्वच्छ, ओल्या लाकडात तो झपाट्याने कापतो, पण मातीचा एक हात लागला की गेला. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. तो थोडा हळू कापतो पण धूळ, वाळलेलं लाकूड, चिखलाने माखलेली साल हे सगळं सोसतो. नव्या माणसाने सेमी चिझलच घ्यावी. सागवानासारख्या लाकडात सिलिका असते, तिथे कुठलीही चेन लवकर बोथट होते, त्यात तुमचा दोष नाही.

दुकानात ग्राइंडरवर धार लावून आणलेली चेन नीट बघून घ्या. दातांच्या कडा निळ्या-काळ्या पडल्या असतील तर दात तापवून खराब केला आहे. तसा दात बाहेरून टणक होतो, त्यावर कानस नुसती घसरते. माझी एक नवीकोरी चेन अशीच एका ठिकाणी जाळून मिळाली होती, तेव्हापासून मी हातानेच घासतो.

दोन महिने ठेवल्यावर चेनसॉ सुरू होत नाही, हे दुखणं जवळजवळ नेहमी इंधनाचं असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय कार्ब्युरेटरमधले पातळ पडदे त्या इंधनात राहून राहून कडक होतात. असा पडदा हलला नाही की इंधन पुढे जात नाही, मग कितीही दोरी ओढा. पडद्यांचा आणि गॅस्केटचा संच बदलणं हे तासाभराचं काम आहे. चेनसॉ महिन्याहून जास्त ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि मगच ठेवा. पेट्रोल आणि तेलाचं तयार मिश्रणही महिनाभरात संपवा. जुनं मिश्रण फेकवत नाही म्हणून लोक ते वापरतात आणि त्याच्या कितीतरी पट दुरुस्तीला घालवतात.

मिश्रणाचं प्रमाण आजच्या बहुतेक यंत्रांना ५०:१, म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. तेल मापून घाला, बाटलीच्या झाकणाच्या अंदाजाने नको. जुन्या यंत्रांना २५:१ लागायचं, तेव्हा पुस्तिका बघा. आणि डबे वेगळे ठेवा. मी पहिल्या वर्षी घाईत साध्या पेट्रोलचा डबा उचलून चेनसॉमध्ये ओतला होता. टाकी निम्मीही संपली नव्हती, आवाज एकदम चढला आणि इंजिन जाम. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, सिलिंडर बाद. या इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलमधून येईल तेवढंच. त्या दिवसापासून माझ्या मिश्रणाच्या डब्याला लाल फडकं बांधलेलं असतं.

असाच जाम व्हायचा प्रकार मिश्रण योग्य असूनही होतो, जेव्हा इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी मिळतं. टाकीतला फिल्टर तुंबलेला, कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधली रबरी नळी चिरलेली, किंवा कोणीतरी ‘जोर येतो’ म्हणून एच लिहिलेला स्क्रू आवळलेला. यंत्र किंचाळायला लागलं, सोडल्यावरही आवाज पटकन खाली येत नसेल, तर लगेच बंद करा. एल स्क्रू हळू गतीचा, एच पूर्ण गतीचा, आणि तिसरा नुसत्या चालू इंजिनाची गती ठरवणारा. एचला आरपीएम मीटरशिवाय (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते मोजणाऱ्या उपकरणाशिवाय) हात लावू नये असं माझं मत आहे. चालू इंजिनावर, थ्रॉटल न दाबता चेन फिरत असेल तर तिसरा स्क्रू सैल करा. तरीही फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा गेल्या आहेत.

बाकीची निगा झटपट सांगतो. एअर फिल्टर रोज झटका, साबणाच्या पाण्याने धुतला तर पूर्ण वाळवूनच बसवा. स्पार्क प्लगची फट साधारण ०.५ मिलिमीटर. सिलिंडरच्या पात्यांमधला आणि क्लचच्या झाकणाखालचा भुसा ब्रशने काढा. चेनचा ताण थंड असताना बघा: बारच्या खालच्या कडेला चिकटून, पण हाताने ओढली तर सहज फिरली पाहिजे. काम संपल्यावर ताण थोडा सैल करा, कारण तापलेली चेन गार होताना आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ आणते. चेनला तेल मिळतंय का हे बघायचं तर बारचं टोक फिक्या रंगाच्या लाकडासमोर धरून थ्रॉटल द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. तिथे गाडीचं जळकं तेल घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, ते कातडीला वाईट आणि चिकटपणा नसल्यामुळे चेनवर टिकतही नाही. स्प्रॉकेटवर अर्ध्या मिलिमीटरएवढी खोल खाच पडली की ते बदला, नाहीतर नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर लवकर ताणली जाते. दोन-तीन चेन आळीपाळीने वापरल्या तर सगळ्यांची झीज बरोबरीने होते.

आता निवड. दोन घ्या. पहिला ४५ ते ५० सीसीचा, १५ किंवा १६ इंची बारचा. बारशिवाय तो पाच किलोच्या आसपास भरतो आणि रोजचं सत्तर-ऐंशी टक्के काम त्यानेच होतं. हाताला सवय होईपर्यंत त्याच एकावर काम करा. मग मोठे बुंधे मिळायला लागले की ६० ते ७० सीसीचा, २० इंची बारचा घ्या. एकच मोठा घेणारा माणूस दिवसभर फांद्या कापायला सहा-सात किलोचं धूड उचलतो, दुपारनंतर हात थरथरतात आणि अपघात त्याच वेळी होतात. बार किती लांब? तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या खोडाच्या जाडीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त, बस्स. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. लहान इंजिनावर लांब बार लावला तर चेनची गती पडते आणि टोकापर्यंत तेलही पोचत नाही.

कंपनी कुठली, हा प्रश्न मी उलटा विचारतो: कुठल्या कंपनीचे पडदे, क्लच आणि स्प्रॉकेट तुम्हाला एका दिवसात मिळतात? तीच घ्या. नामांकित कंपनीच्या रंगात रंगवलेल्या नकला स्वस्त मिळतात, पण त्यांचे चेन ब्रेक मी फारसे भरवशाचे पाहिले नाहीत. जुना चेनसॉ घेत असाल तर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढून आत पिस्टनकडे टॉर्च मारा. गुळगुळीत दिसला तर पुढे बोला, उभे ओरखडे दिसले तर आभार मानून निघा. विकणारा हे करू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

बॅटरीचा चेनसॉ आता खेळणं राहिलेला नाही. छाटणी, वस्तीतलं काम, सतत चालू-बंद करायचं काम, यांसाठी तो मला पेट्रोलपेक्षा बरा वाटतो. आवाज कमी, दोरी नाही, मिश्रण नाही, कार्ब्युरेटर नाही. पण दिवसभर जाड लाकूड कापायचं तर बॅटऱ्यांचा ढीग लागतो. त्यालाही चेन तीच, धार तीच, तेल तेच. एक सवय मात्र नवी लावून घ्यावी लागते: चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढायची. पेट्रोलचं यंत्र बंद असलं की बंद असतं, हे बटणावर बोट पडताच जिवंत होतं.

वरच्या मुठीचा छोटा चेनसॉ हलका दिसतो म्हणून जमिनीवरच्या कामाला घेऊ नका. तो झाडावर दोरीने बांधून चढणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे. दोन्ही मुठी जवळजवळ असल्यामुळे तो उसळला तर आवरायला तरफ मिळत नाही. उसळणं म्हणजे काय? बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की दात अडकतो आणि सगळा बार कापणाऱ्याच्या तोंडाकडे फिरतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. चेन ब्रेक त्यासाठी आहे. रोज सकाळी तो तपासा: थ्रॉटल देऊन डाव्या मनगटाने पुढचा दांडा ढकलायचा, चेन तत्काळ थांबली पाहिजे. पायात चेनसॉची खास पॅन्ट हवी. तिच्या आत लांब सैल धागे असतात, चेन कापडात शिरली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटला गुंडाळतात आणि यंत्र अडतं. तिचा सर्वांत साधा वर्ग सेकंदाला १६ मीटर चेनच्या गतीपर्यंत तपासलेला असतो, त्यावरचे २० आणि त्यापुढे. मोठ्या चेनसॉची चेन याहून वेगात धावते, म्हणजे पॅन्ट ही हमी नाही, संधी आहे. कानांना संरक्षण न वापरणारे माझ्या वयाचे बरेच जण आता टीव्ही मोठ्याने लावतात. आणि बोटं पांढरी पडून बधिर व्हायला लागली तर कंपन फार होतंय. यंत्राच्या कंपनरोधक स्प्रिंगा आणि रबर तपासा, आणि चेनही, कारण बोथट चेन जास्त थरथरते.

आता बुडखे. स्टंप ग्राइंडर म्हणजे कडेला टंगस्टन कार्बाइडचे दात लावलेलं जड चाक. ते फिरतं, आणि आपण त्याला बुडख्यावरून डावीकडून उजवीकडे झाडूसारखं नेतो. पुन्हा दातच. कार्बाइड फार कठीण, पण ठिसूळ. लाकडाने तो हळूहळू झिजतो, दगडाने एका क्षणात तुकडा उडतो.

विकत की भाड्याने, याचा हिशेब बुडख्यांच्या संख्येवर आहे. महिन्यातून दोन-चार बुडखे असतील तर भाड्याने आणा. दर आठवड्याला काम येत असेल आणि यंत्र न मिळाल्यामुळे गिऱ्हाईक थांबत असेल, तेव्हाच विकत घ्या. भाड्याने आणताना इंजिन किती हॉर्सपॉवरचं हे नंतर विचारा, आधी वाकून दात बघा. कोपरे गोल झालेले असतील तर दुसरं यंत्र मागा किंवा दात बदलून द्यायला सांगा. तेरा हॉर्सपॉवरचं हातगाडीवजा यंत्र ताज्या दातांनी जे काम दुपारपर्यंत करतं, ते बोथट दातांच्या पंचवीस हॉर्सपॉवरला संध्याकाळपर्यंत जमत नाही.

आकार ठरवताना बुडख्याचं माप कापलेल्या वरच्या तोंडावर घेऊ नका. जमिनीलगत, मुळांचे फुगीर पाय धरून घ्या, ते दीडपट सहज निघतं. आणि लक्षात घ्या, व्यास दुप्पट झाला की सारख्याच खोलीसाठी लाकूड चौपट होतं. ६० सेंटिमीटरचा बुडखा म्हणजे ३० सेंटिमीटरचे चार बुडखे. नवे कंत्राटदार भाव सांगताना इथेच फसतात. हाताने पेलायची लहान यंत्रं ३०-४० सेंटिमीटरपर्यंत ठीक, पुढे स्वतः चालणारं चाकाचं किंवा पट्ट्याचं यंत्र हवं. घ्यायच्या आधी ज्या फाटकांतून ते न्यायचं त्यांची रुंदी मोजून घ्या. यंत्र ठरवल्यावर फाटक मोजणारे मी पाहिले आहेत.

ग्राइंडर लावायच्या आधी बुडखा चेनसॉने होईल तेवढा खाली कापा. पण हा काप मातीजवळचा असतो, म्हणून त्यासाठी जुनी, संपत आलेली चेन वेगळी ठेवा. बुडख्याभोवतीचे दगड उचला. जमिनीखालून वीज, गॅस, पाणी कुठून जातं ते संबंधितांकडून आखून घ्या. मुळं जुन्या पाइपांना कवटाळून वाढतात आणि चाक पाइप आणि मूळ यांत फरक करत नाही. आणखी एक सापळा: झाडाच्या ढोलीत काँक्रीट भरायची पूर्वी पद्धत होती. वर साल भरून येते, बाहेरून काही कळत नाही. एका बुडख्यात मला असा काँक्रीटचा गोळा लागला आणि एका फेरीत सहा दात गेले. आता जुन्या मोठ्या बुडख्यावर मी आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो.

काम बुडख्याच्या जवळच्या कडेवरून, वरून खाली करायचं. एका वेळी काही सेंटिमीटरच खोल, मग एक फेरी. इंजिनाचा आवाज दबला की चाक मागे घ्या, गती परत येऊ द्या. घाईने खोल घुसवलं तर चाक अडकतं, इंजिनावरून चाक फिरवणारे पट्टे घसरून जळतात. नुसतं गवत लावायचं असेल तर जमिनीखाली १५ सेंटिमीटर पुरे. पुन्हा झाड लावायचं असेल तर ३० किंवा जास्त, आणि शक्यतो थोडं बाजूला. चाकाच्या मागची पडदी कधीही काढू नका, दगड गोळीसारखा येतो. माणसं आणि काचा दूर. आणि बंद केल्यावर चाक जड असल्यामुळे बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय वाकायचं नाही.

दात बदलताना प्लगची वायर काढा. दाताची बसायची जागा ब्रशने स्वच्छ करा, खाली भुसा राहिला तर बोल्ट आवळलेला वाटतो आणि अर्ध्या तासात सैल होतो. बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. एक दात मोडला तर समोरचाही बदला, नाहीतर चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग ओरडायला लागतं. काही दात गोल असतात, सैल करून एक तृतीयांश फिरवले की नवी धार समोर येते, असे तीनदा वापरता येतात. कार्बाइडला धार हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या किंवा हिऱ्याच्या चाकावरच लागते, आणि तापलेला दात पाण्यात बुडवायचा नाही, तडा जातो. पट्टे नवे असताना पहिल्या काही तासांत ताणतात, तेव्हा पुन्हा आवळा. बेअरिंगला रोज ग्रीस. इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक असतं, त्याचं तेल सपाट जागेवर बघा, आणि उतारावर तासन्‌तास चालवू नका. इथला एअर फिल्टर चेनसॉपेक्षा दुप्पट वेगाने तुंबतो, कारण यंत्र मातीच उडवत असतं.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगा: ढलप्यांचा ढीग खड्ड्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. सगळं परत खड्ड्यात भरलं तर वर्षभरात जागा खचते, आणि ताजे ढलपे कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतात, त्यावर लावलेलं रोप पिवळं पडतं. ढलपे उचलून खड्ड्यात माती भरायची की नाही, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या.

तुमच्या जुन्या चेनसॉचं एवढं करा. टाकी रिकामी करून ताजं मिश्रण, नवा फिल्टर, नवा प्लग. मग बार उलटा करून नवी चेन बसवा आणि हातभर जाडीच्या ओंडक्यात एक काप घ्या. काप सरळ गेला तर दोष जुन्या चेनमध्ये होता, ती घासायला घ्या. तरीही वळला तर बार बदला. आणि यातलं काहीही करूनही तो सुरू होत नसेल, तर सायलेन्सर काढून पिस्टन बघा, मग त्यावर आणखी पैसे घालायचे की नाही ते ठरवा.